साहेबांची पाठ

सोमवार, ४ तारीख

ताई,

फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड, म्हणजे निदान काय फाडलं ते तरी कळेल.

तू माझा फोन घेत नाहीस. भावोजींच्या दुकानावर मी 'आज बंद आहे'ची पाटी लावली आणि ते दिवसभर आत बसून गिऱ्हाईकाची वाट बघत राहिले, ही गोष्ट आता शिळी झाली. एकदा उठून बाहेर डोकावले असते तर मिटलं असतं. असो. मी फोनवर तुझ्या सासूबाईंचा आवाज काढतो म्हणून घेत नसशील, तर पत्रात आवाज काढता येत नाही. हे मीच लिहितोय. अक्षर बघ, कोंबडीनं पाय पुसलेत कागदाला.

मला नोकरी लागलीय. सिनेमात. हसून झालं की पुढे वाच.

साहेब माहीत आहेत ना? ज्यांचा फोटो तू वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचीस आणि आईला सांगायचीस की नकाशा आहे? ते. मी त्यांची पाठ आहे.

म्हणजे असं. हिरोईन रडत रडत बोलते आणि आपल्याला समोरच्या माणसाचा नुसता खांदा दिसतो, तो खांदा हिरोचा नसतो. हिरो तेव्हा घरी लोळत असतो. घोड्यावरून लांब लांब जातो तोही दुसराच कोणीतरी. आमच्या युनिटमध्ये त्या माणसाला 'पाठ' म्हणतात. 'पाठ आली का? पाठीला चहा द्या.' साहेबांचा डावा खांदा जन्मापासून दोन बोटं खाली आहे आणि मान जरा उजवीकडे, जसं कोणी कानात काही सांगतंय. ते मी इतकं बेमालूम करतो की त्यांचा कुत्रा मागून येऊन माझे पाय चाटतो आणि तोंड बघितलं की भुंकतो. एकच अडचण आहे. साहेबांच्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत आणि मला एकच. दुसरा रोज केसांवर डिंक लावून करावा लागतो. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणतात. साहेबांनी त्या म्हणीला लाजवलंय.

आता खरं ते लिहितो. शूटिंग संपलं आणि मॅनेजर म्हणाला, आता घरी काम आहे. घर म्हणजे साहेबांचा बंगला. पहिल्या मजल्यावर त्यांची वाचायची खोली आहे, रस्त्याच्या बाजूला ही एवढी मोठी खिडकी. दुपारी जेवणानंतर साहेबांचा लाल गाऊन घालायचा, खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, दिवे लागेपर्यंत. हातात पुस्तक. रस्त्यावरच्यांना वाटतं साहेब वाचतायत. नियम एकच. काहीही झालं, कोणी हाक मारली, काच फुटली, तरी मागे वळायचं नाही.

मॅनेजरनं कारण सांगितलं पत्रकारांचं. खरं कारण मी स्वयंपाकघरात बसून दोन कप चहात काढलं. साहेब घरी नसतातच. नाचणाऱ्यांच्या पथकातली एक मुलगी आहे, तुझ्याहून लहान, तिला गावाबाहेर घर घेऊन दिलंय, तिथे असतात. बाईसाहेब वरच्या मजल्यावर राहतात. नवराबायको आचाऱ्यामार्फत बोलतात. 'साहेबांना सांग, मीठ कमी खा.' 'बाईसाहेबांना सांग, खाल्लं.'

बसून राहायचं काम. पण मॅनेजरनं कबूल केलंय की पुढच्या सिनेमात मला तोंड मिळेल. समोरून. एक वाक्यसुद्धा आहे, 'गाडी तयार आहे.' मी ते सतरा प्रकारे म्हणून बघितलंय. रडतसुद्धा म्हणता येतं.

सगळं छान आहे. फक्त मानेवर सारखं काहीतरी वळवळतं. कोणीतरी बघतंय असं. तू लहानपणी मागून येऊन मानेवर बर्फ ठेवायचीस, ठेवायच्या आधीच मला कळायचं, तसं. रात्री उताणा झोपतो आता. पाठ गादीला लागली की जरा बरं वाटतं.

उत्तर दे किंवा नको. पण पोचलं का एवढं कळव.

तुझी खाजकुयली


सोमवार, ११ तारीख

ताई,

उत्तर नाही. बरं. पाटी चांगली होती हे मात्र मान्य कर, अक्षर दुकानाच्या पाटीपेक्षा सुबक होतं.

मी एक आरसा आणलाय. दाढीचा, गोल, तळहाताएवढा. समोरच्या कपाटात दोन पुस्तकांच्या मध्ये खोचून ठेवलाय, मान न हलवता मागचा रस्ता दिसतो. मॅनेजरला पत्ता नाही. आधी वाटलं होतं की बघितल्यावर भीती जाईल. उलट झालं. आधी कोण बघतंय ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

समोर एक बंद पडलेला दवाखाना आहे. त्याच्या पत्र्याखाली एक बाई उभी असते. रोज. काळा चष्मा, हातात मिटलेली छत्री. मंगळवारी पाऊस आला, आजूबाजूचे सगळे पळाले, हिनं छत्री उघडली नाही. तशीच भिजत वर बघत राहिली. चाहते मी पुष्कळ बघितलेत. ते ओरडतात, उड्या मारतात, फुलं फेकतात. ही नुसती बघते. मला पुस्तकाचं पान उलटायला धीर होईना.

मग मी काय केलं असेल? तूच सांग. घाबरलो की माझ्या हातून काहीतरी उपद्व्याप होतो. शाळेत तपासणीवाले आले होते तेव्हा नाही का मी घंटा वाजवली.

साहेबांच्या जुन्या सिनेमांची रिळं तळघरात आहेत. कामाला लागलो तेव्हा मॅनेजरनं मला सगळी दाखवली, पाठ शिकायला. त्यात मी एक गोष्ट टिपली होती. साहेब कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असले की कधीकधी हात मागे नेतात आणि मानेवर दोन बोटं दोनदा वाजवतात. टक टक. होडीच्या सीनमध्ये आहे, जिन्याच्या सीनमध्ये आहे. अगदी जुन्या चारपाच सिनेमांत, तेव्हा त्यांच्याबरोबर एकच हिरोईन असायची. पुढच्या सिनेमांत नाही. अस्सल माल आहे हा, म्हटलं, हा कोणाला माहीत नसणार. आणि मी खिडकीत बसल्या बसल्या ते केलं. टक टक.

आरशात बघितलं तर बाईच्या हातातली छत्री खाली पडली.

मला मजा वाटली. खोटं का बोलू? दुसऱ्या दिवशी परत केलं. तिसऱ्या दिवशी ती केस विंचरून आली, अंगात चांगला कोट. मी रोज करायला लागलो. शनिवारी केलं तर ती एकदम रस्त्यात उतरली, या घराकडे. समोरून ट्रक येत होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, शिव्या दिल्या. ती मागे जाऊन पत्र्याखाली उभी राहिली आणि तिनं छातीवर हात ठेवला होता. आज केलं नाही. हात मांडीखाली दाबून बसलो.

आणि एक. साहेब आले होते गुरुवारी, कपडे न्यायला. फार गोड माणूस गं. माघारी राग येतो आणि समोर आले की जातो. माझ्या शेजारी जमिनीवर बसले, बूट काढून. म्हणाले, "चेहरा कसाही वळवता येतो रे, मी तीस वर्षं वळवतोय. पाठीला ते जमत नाही. म्हणून तुला ठेवलाय." मी त्यांना खूश करायला म्हणून ते बोटांचं करून दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे काय? माझ्या सवयी कर. नवीन घालू नकोस."

मी म्हणालो, तुमचीच आहे, होडीतली. ते हसले आणि म्हणाले, होडीत डास असतील.

तुझा भाऊ, कुठल्याही बाजूनं


शनिवार, १६ तारीख

ताई,

घाईत लिहितोय, अक्षर लागत नसेल तर भावोजींना वाचायला सांग. त्यांना माझा राग आहे, पण वाचतील.

खोलीत फोन आहे. मी उचलायचा नाही असं ठरलेलं. आज वाजत राहिला, खाली कोणी नव्हतं. मला साहेबांचा आवाज पुढून मागून सगळा येतो, तुला माहीत आहे. उचलला आणि साहेबांच्या आवाजात म्हणालो, 'बोला.' मला वाटलं एखादा निर्माता असेल, त्याला जरा गोलगोल फिरवू.

एक तरुण पोरगा होता. शांत. शिवी नाही, ओरडा नाही. म्हणाला, "तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून पाठ करून बसतोस ना? पाठीत मारणं मला आवडत नाही. पण तू दुसरा रस्ता ठेवला नाहीस. माझ्या आईला तू काय केलंस ते तुला आठवत असेल तर आठवत बस. शुक्रवारपर्यंत."

आणि ठेवला.

ताई, माझी बोबडी वळली. साहेबांच्या आवाजात वळली, म्हणजे बघ. रिसीव्हर परत नीट ठेवता येईना. आणि तरी मी वळून बघितलं नाही. इतकी सवय लागलीय. घाम मणक्यावरून खाली उतरत होता आणि मी पुस्तक सरळ धरून बसलो होतो.

दिवे लागल्यावर मॅनेजरला सांगितलं. तो सुपारी कातरल्यासारखा बोलतो, एकेक तुकडा. म्हणाला, "येतात. असे फोन. दोन महिने झाले. दुर्लक्ष कर."

दोन महिने. मी या खिडकीत बसायला लागलो त्याला किती झाले? मला गणित येत नाही पण एवढं येतं. फोन आधी, मी नंतर.

मग मला खोली दिसायला लागली. एवढे दिवस तिथे बसतोय आणि दिसली नव्हती. पडदे काढलेत, त्यांच्या कड्या अजून दांडीला आहेत. गालिचावर खुर्चीच्या पायांचे जुने खळगे आहेत, आत, भिंतीजवळ. साहेब तिथे बसायचे. माझी खुर्ची खिडकीला नेऊन ठेवलीय. पत्रकार नाहीत आणि बित्रकारही नाहीत. वाघासाठी बकरी बांधतात ती खुंट्याला बांधतात, मला गाऊन घालून बसवलंय, एवढाच फरक.

ती बाई या पोराची कोण? तीच आई? का ती पाळतीवर असते आणि तो लपलेला असतो? आणि मी तिला रोज टक टक करून दाखवत होतो.

येऊ का तुझ्याकडे? भावोजींना विचार. मी दुकानात झाडू मारीन. कुठलीही पाटी लावणार नाही.

तुझी खाजकुयली


मंगळवार, १९ तारीख

ताई,

आज दगड आला. पुस्तकाचं पान उलटत होतो, मागे काच खळ्ळकन फुटली आणि दगड माझ्या कानाजवळून जाऊन टेबलावरच्या दिव्याला लागला. मी खाली पडलो, खुर्चीखाली गेलो, आणि तिथून आरशात बघितलं. रस्ता रिकामा. पत्र्याखाली बाई नाही. पहिल्यांदाच नाही.

मॅनेजर वर आला. आधी दिवा बघितला, मग मला. मी म्हणालो, मी निघालो. त्यानं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, मायेनं, आजारी माणसाला बसवतात तसं. म्हणाला, शनिवारी शूटिंग आहे. तुझं वाक्य आहे. कॅमेरा तुझ्या तोंडावर. तीन दिवस पाठ दे, मग जन्मभर तोंड.

मी म्हणालो, त्यानं शुक्रवार म्हटलंय.

"म्हणून तर," तो म्हणाला. "शुक्रवारी साहेब इथे दिसले पाहिजेत. इथे दिसले नाहीत तर तो पोरगा शोधेल. शोधलं तर सापडतील."

हे तो माझ्या तोंडावर म्हणाला, ताई. डोळ्याला डोळा भिडवून. त्याला यात काही वावगं वाटलंच नाही. पाठीला कोण विचारतं.

काच तासाभरात नवी बसली. खुर्ची तिथेच.

संध्याकाळी बाईसाहेब खाली आल्या. पहिल्यांदा. मी त्यांना फक्त पायऱ्यांवरच्या चपलांच्या आवाजानं ओळखतो. चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला आणि मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढं ताठ नको बसू. तो घाबरला की आणखी वाकतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "घरी कोण आहे तुला?" मी म्हणालो, एक बहीण आहे, बोलत नाही. त्या म्हणाल्या, बोलत नाही म्हणजे आहे. आणि गेल्या.

मी जाऊ शकतो. फाटकाला कुलूप नसतं. बांधलंय कोणी? पण शनिवार चार दिवसांवर आहे. पंचवीस वर्षांचा होईन आता, आणि जगात एकाही माणसानं पडद्यावर माझं तोंड बघितलेलं नाही. तुला हे मूर्खासारखं वाटेल. तू आरशात बघून शाळेत जायचीस, मी तुझ्या मागून चालायचो, लोक म्हणायचे ही अमकी, आणि हा हिच्या मागचा. तेव्हापासून मला समोरून यायचंय. म्हणून बसणार आहे. पाचावर धारण बसलीय, पण बसणार आहे.

मला काही झालं तर तुझ्याकडची माझी सायकल भावोजींना दे. ब्रेक नाहीत हे सांगू नकोस.


शुक्रवार, २२ तारीख, संध्याकाळ

ताई,

बसस्टँडवर बाकावर बसून लिहितोय, भिंतीला टेकून. तुझं कार्ड आज सकाळी आलं. 'घरी ये' एवढंच. आणि खाली भावोजींच्या अक्षरात, 'पाटी घेऊन ये, कधी सुट्टी घ्यायची झाली तर लागेल.' मी ते खिशात घातलं आणि तरी वर जाऊन खुर्चीत बसलो. एवढा मी शहाणा. सगळं सांगतो, बस यायला वेळ आहे.

दुपारी मॅनेजर घरात नव्हता. मी बसलो. पुस्तक उलटं धरलं होतं हे मला नंतर कळलं. आरशात पत्र्याखाली कोणी नव्हतं, आणि मला तेच जास्त वाईट वाटत होतं. ती दिसत होती तोवर कुठे आहे ते माहीत होतं.

मग खालचं दार वाजलं. वॉचमन म्हातारा आहे, कोणालाही चार प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. त्याचा आवाज आला, "बाई, तुम्ही?" आणि पुढे काहीच नाही. मग जिन्यावर पावलं. बाईसाहेबांच्या चपला नाहीत. हळू, एकेक पायरी, मध्ये छत्रीची टोच. खोलीचं दार उघडलं.

मला नियम पाठ आहे. वळायचं नाही. पण ताई, वळायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. मान लाकूड झाली होती.

ती माझ्या मागे येऊन थांबली. आरसा छोटा, त्यात तिचा कोट आणि हनुवटी एवढंच. तिनं चष्मा काढला आणि खाली वाकली, तेव्हा दिसली. मी तिला ओळखलं. तळघरातल्या रिळांतली. होडीतली. म्हातारी झालीय, पण डोळे तेच.

तिनं साहेबांना त्यांच्या घरच्या नावानं हाक मारली, मला ते माहीतही नव्हतं. मग म्हणाली, "उठ इथून. आत्ता उठ. आज तो येतोय."

ती बोलत राहिली, भरभर, माझ्या पाठीशी. त्यातलं सगळं लिहीत नाही, ते माझं नाही. पण एवढं कळलं. साहेब आणि ती सहा वर्षं एकत्र होते. तिला दिवस गेले तेव्हा साहेबांनी बाईसाहेबांशी लग्न ठरवलं, त्यांचे वडील निर्माते होते. हिचं नाव सिनेमांतून उडालं. मुलगा तिनं एकटीनं वाढवला, बापाचं नाव कधी सांगितलं नाही. "त्यानं आरशात बघून ओळखलं," ती म्हणाली. "थिएटरातून घरी आला आणि आरशापुढे पाठ करून उभा राहिला, दुसरा आरसा हातात धरून. मला काही विचारलंच नाही."

मुलगा म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो. आणि ती गप्प बसली. तिनं तसंच सांगितलं. म्हणाली, "मी त्याला अडवणार नव्हते. रोज समोर येऊन उभी राहायचे ते तू मरायच्या आधी तुला बघून घ्यावं म्हणून. आणि तू मानेवर बोटं वाजवलीस."

ताई, माझ्या अंगावर काटा आला. तिनं पुढे सांगितलं नसतं तरी मला समजलं असतं. सगळ्या युनिटदेखत, कॅमेरा चालू असताना, साहेब तिला पाठीमागून सांगायचे की काम संपलं की ये, मी वाट बघतो. तो त्यांचा दोघांचा निरोप होता. कोणाला कळला नाही, दिग्दर्शकाला नाही, मॅनेजरला नाही, आणि सिनेमात तो कायमचा राहून गेला. मी तो पाठ शिकता शिकता उचलला आणि रोज दुपारी तिला पाठवत होतो. ज्यांचा निरोप, त्यांना वाटतं डास होते.

"इतक्या वर्षांनी का होईना, बोलावलंस," ती म्हणाली. "म्हणून आले. माझा पोरगा तुरुंगात जाऊ नये आणि तू मरू नयेस. उठ."

मी उठलो. आणि वळलो.

तिच्या तोंडाकडे मला बघवलं नाही. तिनं किंचाळायला हवं होतं, मारायला हवं होतं. तिनं नुसतं विचारलं, "तू कोण?"

मी म्हणालो, "पाठ."

"ते बोटांचं त्यानं शिकवलं तुला?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. मला येतं, माझा हातखंडा आहे, आणि खोटं इतकं गोड झालं असतं. पण तो पोरगा कुठेतरी खाली उभा होता. साहेबांनी शिकवलं म्हटलं असतं तर ती उद्या परत आली असती, परवा आली असती, दुसऱ्या कोणाच्या पाठीकडे बघत. मी म्हणालो, "नाही. सिनेमात बघून उचललं. होडीच्या. साहेबांना आठवतसुद्धा नाही."

"म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं," ती म्हणाली. मग हातातली छत्री टेबलावर ठेवली, माझी खुर्ची दोन्ही हातांनी फिरवली, तोंड रस्त्याकडे केलं आणि तिच्यात बसली. काचेला लागून. केस मागे केले, एखादा शॉट असावा तसे. मला म्हणाली, "तू जा. मी दिसले तर तो थांबेल."

मी विचारलं, "नाही थांबला तर?"

"जा रे," ती म्हणाली. आई म्हणायची ना, अगदी तसं.

मी मागच्या जिन्यानं पळालो. स्वयंपाकघरातून, कचऱ्याच्या डब्यांवरून, गल्लीत. गल्ली दोन्हीकडे जाते, एकीकडे बाजार, एकीकडे बंगल्याचा रस्ता. बाजाराकडे वळायचं होतं. जाताना रस्त्याकडे नजर गेली आणि पलीकडच्या कोपऱ्यावर एक माणूस पाठमोरा उभा दिसला. डावा खांदा दोन बोटं खाली. मान उजवीकडे. डोक्यावर दोन भोवरे, डिंकाशिवाय. जी पाठ करायला मी एवढे महिने घालवले ती तिथे आपोआप उभी होती. उजवा हात खांद्याला लावलेल्या पिशवीत, कोपरापर्यंत. वर खिडकीकडे बघत होता.

मला आजवर कोणी शूर म्हटलेलं नाही, आणि आताही म्हणू नकोस. मी पळालो असतो, पण वर ती काचेला लागून बसली होती आणि याचा हात पिशवीत होता, आणि या दोघांच्या मध्ये जे काही होतं ते अर्धं मी करून ठेवलेलं होतं. मी रस्ता ओलांडून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "वर साहेब नाहीत."

तो वळला. माझ्यापेक्षा लहान असेल थोडा. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग खाली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी लाल गाऊन काढायचा विसरलोय. मरायचं लक्षण. पळावं तर गाऊन पायात येणार.

"तू बसतोस तिथे," तो म्हणाला. फोनवरचाच आवाज.

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. हसू नव्हतं. एखादा माणूस अंधारात जिना उतरतो आणि शेवटी एक पायरी जास्त निघते, तसा. "दगड मारला तेव्हाही तूच?"

"कानाजवळून गेला," मी म्हणालो. "नेम चांगला आहे."

हे का बोललो देव जाणे. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. पिशवीतला हात पिशवीतच होता आणि मी त्या पिशवीकडे न बघता फक्त पिशवीकडेच बघत होतो. त्यानं विचारलं, तो कुठे असतो. मला माहीत होतं, ताई. घर, रस्ता, सगळं. साहेबांनी मला बकरी केलं होतं, सांगायला काहीच हरकत नव्हती. मी म्हणालो, "मला तोंड माहीत नाही त्यांचं. मी फक्त पाठ." आणि वर बोट दाखवलं. "तुझी आई बसलीय तिथे. काय करतोयस ते त्या विचारतील तुला."

त्यानं खिडकीत बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. हात हलवला नाही, काही नाही. मग उठली, खिडकी रिकामी झाली. ती जिना उतरत असणार, एकेक पायरी. तेवढा वेळ तो आणि मी. माझ्या आयुष्यात एवढा वेळ कधी गेलेला नाही, गणिताच्या तासालासुद्धा.

फाटकातून ती बाहेर आली. छत्री वरच विसरली होती, चष्मापण. रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. रहदारी खूप होती, ट्रक, गाड्या, आणि ती कधी डावीकडे बघायची कधी उजवीकडे, पाय पुढे टाकायची, परत घ्यायची. तिला एकटीला तो रस्ता ओलांडता येत नव्हता. तो पोरगा धावत पलीकडे गेला, आणि तिचा हात धरायचा म्हणून त्यानं पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामा.

तुझा भाऊ